लाखीची वाट

लाखीनं बोरीच्या काट्यांची फांदी शिंगावर उचलली, मान झटकून बाजूला टाकली आणि कुरणात पाऊल ठेवलं. मागे गावाचा सगळा कळप खोळंबला होता. वाट मोकळी झालेली दिसताच तोही डावीकडे वळला. नानाजी चिंचेखाली काठी घेऊन उभे होते. त्यांनी एक गाय अडवली, दुसरी अडवली, तोवर वीस-पंचवीस ढोरं त्यांच्या दोन्ही अंगांनी आत गेली होती.

गावाची ढोरं राखणारा नत्थूजी गायकी मागून धावत आला. त्याच्या पायात वहाण एकच होती. दुसरी चिखलात राहिली होती.

"मी का करू जी, नानाजी? थे वळली का सारीच वळतेत."

"तू पुढं काहून नाई राहत?"

"मी पुढं राहिलो त मागं कोन पाहीन?"

दोघांनी मिळून ढोरं बाहेर काढली. लाखी सगळ्यांत शेवटी निघाली, तोंडातला घास पुरता चावून. नुकतं बोटभर वर आलेलं मारवेल गवत खुरांखाली चेंदून गेलं होतं, आणि ओल्या जमिनीत खुरांचे खड्डे पडले होते.

खाली बोडीच्या पाळीवर सरपंच चंद्रभान दातण करत उभा होता. बोडी म्हणजे गावाचा लहानसा तलाव. ढोरं तिथंच पाणी पीत. चंद्रभाननं सगळं पाहिलं होतं. तोंड धुऊन तो सावकाश वर आला.

"नानाजी, हे काई पहिल्यांदा नाई झालं."

"माहीत हाय मले."

"मी सभेत तुमच्या बाजूनं बोललो होतो. लोक मलेच हासून राहिले. आता अजून एक डाव ढोरं आत गेली, त मी दिवाळीची वाट नाई पाहत. वाटपाचा ठराव घेऊन टाकतो."

चंद्रभान वाईट माणूस नव्हता. गावाच्या मनात जे होतं तेच तो बोलत होता. मागचं साल कोरडं गेलं. होळीलाच बोडी आटली आणि उन्हाळाभर ढोरं पेंच नदीच्या पात्रापर्यंत हाकावी लागली. काही वाटेतच बसली, ती उठली नाहीत. बोडीच्या वरच्या उतारावरचं कुरण चरून चरून टकलं झालं होतं. ज्याला ढोरं तोंड लावत नाहीत ते कुसळ आणि तरोटा तेवढा उरला होता. मृगाचा पाऊस आला तो त्या उघड्या उतारावरून माती घेऊन सरळ बोडीत उतरला. पाणी चहासारखं दिसत होतं, आणि बोडी दरसाल त्या गाळानं भरत चालली होती. तेव्हा गावातल्या शहाण्यांनी हिशेब मांडला की कुरण तर मेलंच आहे, मग घरटी तुकडे पाडून संत्री लावायला काय हरकत आहे? त्या सभेत एकटे नानाजी उठले. पावसाळाभर कुरण बंद ठेवा, ढोरं नाल्यापलीकडच्या पडितात न्या, दिवाळीच्या गायगोधनापर्यंत एक खूरही आत जाऊ देऊ नका, गवताला बी धरू द्या, असं म्हणाले. गवत राहिलं तर माती राहील आणि माती राहिली तर बोडीत पाणी राहील. चंद्रभाननं त्यांची बाजू घेतली आणि लोक कंटाळून हो म्हणाले. गावात शहाणे पुष्कळ असतात, पण काठी घेऊन भर पावसात उभं राहायची पाळी आली की एखादाच उरतो.

आणि आता त्या एकट्याला एक गाय ऐकत नव्हती.

नानाजींनी वेगळा उपाय करून पाहिला. चार दिवस लाखीला घरीच बांधून ठेवावं, असा निरोप त्यांनी नत्थूजीकडून तिच्या मालकिणीकडे पाठवला. मालकिणीनं काही न विचारता ठेवलं. पहिल्याच दिवशी कळपाची दशा झाली. सकाळी आखरावर, म्हणजे गावाबाहेर जिथं ढोरं गोळा होतात तिथं, ती नुसती एकमेकींकडे पाहत उभी राहिली. हाकलली तेव्हा निम्मी नाल्याकडे गेली, निम्मी उलटी गावाकडे, आणि सहा-सात ढोरं बापूजींच्या तुरीत शिरली. बापूजी तुरीचं उपटलेलं रोप हातात धरून नानाजींच्या दारात आले आणि एक शब्द न बोलता ते ओट्यावर ठेवून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी नत्थूजी म्हणाला, "लाखीबिगर कळप चालत नाई. अन् लाखी माह्यं आयकत नाई. तिले कुरनाची वाट कोनं लावली, थे तुमाले माहीत हाय."

नानाजींना माहीत होतं. लाखीची आई तिला जन्म देऊनच मेली. तेव्हा घर एकत्र होतं. नानाजींनी तिला दुसऱ्या गाईच्या दुधावर जगवलं, आणि पायांत बळ आल्यावर खांद्यावर पंचा टाकून रोज तिला कुरणात नेलं. चिंचेपाशी आलं की डावीकडे वळायचं हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. पुढे दोघा भावांचे हिस्से झाले आणि लाखी थोरल्याच्या, रामाजींच्या, गोठ्यात गेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कोणाकडे?

त्या रात्री नानाजींची बायको कौशल्या चुलीपुढे भाकर थापत होती. नानाजी पाटावर बसून ताटाकडे पाहत होते.

"त जा न मंग," ती म्हणाली.

"कुठं?"

"कुठं का! भिंतीपलीकडं."

अंगणातली ही भिंत हिश्शांच्या वेळी घातलेली. त्यानंतर नानाजींनी भावाचा उंबरा ओलांडला नाही. भांडण विहिरीचं होतं की बैलजोडीचं, हे आता दोघांपैकी एकालाही धड सांगता आलं नसतं, आणि एक तर सांगायला उरलाही नव्हता. रामाजी तापानं गेले त्या दिवशी नानाजी धावत गेले. दारात वहिनी उभ्या होत्या, गोपिकाबाई. त्या म्हणाल्या, "जितेपनी पाय ठेवला नाई घरात. आता काहून आले?" नानाजी दारातून परत फिरले. मसणवटीत लोकांच्या मागे उभे राहिले. तेव्हापासून दिवाळ्या आल्या नि गेल्या, पण तिकडे ते गेले नाहीत. बायकांनी मात्र हे भांडण कधी मनावर घेतलंच नव्हतं. भिंतीत हात जाईल एवढं एक भगदाड होतं, त्यातून विरजण, अंबाडीची भाजी आणि गावच्या बातम्या इकडून तिकडे जात. नानाजींना ते दिसत असे. त्यांनी ते भगदाड आजवर लिंपलं नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते निघाले. रस्त्यानं वळसा घालून वहिनीच्या फाटकाशी पोचायला विडी पेटवायलाही उसंत मिळाली नाही. इतकं जवळ होतं हे ते विसरूनच गेले होते.

गोपिकाबाई गोठ्यात लाखीचं दूध काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"वयनी," नानाजी फाटकाबाहेरून म्हणाले.

"थांबा. थे पान्हा चोरते मंग."

ते थांबले. धारेचा आवाज संपला. गोपिकाबाईंनी भांडं झाकून ओसरीवर ठेवलं आणि पदरानं हात पुसत उभ्या राहिल्या. केस पार पांढरे झाले होते.

"लाखीले घेऊन जाव म्हनतो," नानाजी म्हणाले. "नाल्यापल्याडची वाट शिकवाले. नत्थूच्यानं होत नाई."

"डावीकडची वाट कोनं शिकवली तिले?"

"मीच."

"मंग मोडा बी तुमीच."

नानाजी तसेच उभे राहिले. त्यांना वाटलं, त्या दावं सोडून गाय बाहेर आणून देतील. गोपिकाबाईंनी खराटा घेतला आणि अंगण झाडायला लागल्या.

"गोठा कुठं हाय थे माहीत हाय तुमाले," त्या झाडता झाडता म्हणाल्या.

नानाजींनी फाटक ढकललं. अंगण ओलांडून गोठ्यात गेले, लाखीच्या मानेवर हात ठेवला, दावं सोडलं. घराच्या दाराकडे त्यांनी पाहिलं नाही. लाखी त्यांच्या मागून अशी निघाली, जणू काल संध्याकाळीच त्यांनी तिला आणून बांधलं होतं.

मग रोजचंच झालं. नानाजी धोतराच्या सोग्यात खडेमीठ बांधून येत. लाखीला आखरावर नेत, तिथून कळपाच्या पुढे चालत. चिंच आली की ते लाखीच्या डाव्या अंगाला येत, खांद्याला खांदा लावून तिला सरळ रेटत आणि तोंडानं काहीबाही बोलत राहत. पहिले काही दिवस ती थांबे, मान वळवून कुरणाकडे पाही, एकदा तर नानाजींचा पाय तुडवून गेली. पण पुढे नाल्याजवळच्या पळसाखाली मीठ मिळतं हे तिच्या ध्यानात आलं. गाईच्या डोक्यात गोष्ट उशिरा शिरते, आणि शिरली की बाहेर निघत नाही. नाल्यापलीकडचं पडीत काही फार भारी नव्हतं. घरोघरी संध्याकाळी बांधावरचं गवत कापून आणावं लागे आणि लोक त्यापायी नानाजींच्या नावानं बोटं मोडत. बोटं मोडत, पण आणत.

श्रावणात नानाजींना ताप भरला. ते घोंगडीत कुडकुडत पडले आणि सारखे उठू पाहत होते.

"पडून राहा," कौशल्या म्हणाली. "लाखी गेली."

"कोनाबरोबर?"

"जिची हाय तिच्याबरोबर. मी मीठ देल्लं भिंतीतून."

नत्थूजीनं नंतर सांगितलं की गोपिकाबाई लुगडं खोचून, डोक्यावर पोतं घेऊन पावसात कळपापुढे चालल्या होत्या, आणि चिंचेपाशी लाखी घुटमळली तेव्हा त्यांनी तिला अशी काही दटावली की मागची म्हैससुद्धा दचकली. ताप उतरेपर्यंत त्याच जात राहिल्या. कुरणात एक खूर पडलं नाही.

भादव्यात दोन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी उघडीप झाली तेव्हा नानाजी बोडीच्या पाळीवर गेले. कुरण कमरेपर्यंत आलं होतं. वाऱ्यानं मारवेल एका बाजूला झुके आणि खालची जमीन कुठं दिसत नव्हती. उतारावरून पाणी येत होतं, पण धावत येत नव्हतं. गवताच्या मुळांतून झिरपत, थांबत, कडेनं बोडीत उतरत होतं. नानाजींनी ओंजळीत घेतलं. तळहाताच्या रेषा दिसल्या.

पलीकडच्या दगडावर गोपिकाबाई कांबळं धूत होत्या.

"या डाव पान्याचा चहा नाई," त्या म्हणाल्या.

"नाई."

"माह्या इहिरीले बी झरा फुटला. तीन साल झाले आटली होती."

नानाजी पाळीवर बसले. त्यांनी गवताची काडी तोडली. गोपिकाबाईंनी कांबळं पिळलं, दगडावर ठेवलं आणि त्याच्याकडेच पाहत म्हणाल्या,

"थ्या दिवशी मी बोलली थे खरंच होतं. पन तुमी तेवढ्यावर वापस जाल, असं नाई वाटलं मले."

नानाजींच्या हातातली काडी मोडली. ते म्हणाले,

"मले वाटलं, तुमी आवाज द्याल."

"मी आवाज देनारी होती का थ्या दिवशी?"

"नाई. चूक माहीच होती. दादा होता तवाच याले पाह्यजे होतं."

कांबळ्याचं एक टोक गोपिकाबाईंनी नानाजींकडे टाकलं. दोघांनी दोन बाजूंनी धरून ते उरलंसुरलं पाणी पिळून काढलं. ओलं कांबळं फार जड होतं.

गायगोधनाच्या दिवशी सकाळपासून आखरावर गर्दी होती. ढोरांच्या शिंगांना गेरू लावलेला, माथ्यावर मोरपिसं बांधलेली. नत्थूजीनं नवं धोतर नेसलं होतं आणि या वेळी दोन्ही पायांत वहाणा होत्या. शेणाचा गोधन रचून त्याची पूजा झाली. वाजंत्री सुरू झाली आणि रिवाजाप्रमाणे कळप त्या गोधनावरून नेला. लाखी सगळ्यांच्या पुढे होती. त्यानंतर सगळं गाव कळपामागून कुरणाकडे निघालं, कारण बंदी आज उठायची होती.

काट्यांच्या फांद्या चंद्रभाननं स्वतःच्या हातानं ओढून काढल्या. बोटाला काटा लागला, तो त्यानं तोंडात धरला. समोर छातीएवढं गवत उभं होतं, बी झडून गेलेलं, खाली नवा फुटवा. संत्र्यांचं स्वप्न पाहणारेही नुसते पाहत राहिले.

"वाटपाचं यंदा राहू द्या," चंद्रभान बोट चोखत म्हणाला. "पुढच्या सालचं पुढं पाहू. असंच राखत असाल तुमी, त मी काई बोलत नाई."

नानाजी बाजूला झाले. लाखी चिंचेपाशी आली. तिनं मोकळ्या जागेकडे पाहिलं, गवताकडे पाहिलं, नाक फेंदारून वासही घेतला. आणि सरळ निघून गेली.

तिच्या मागून सगळा कळप सरळ गेला. मोरपिसं हलवत, घंटा वाजवत, उघड्या कुरणाच्या तोंडावरून एकामागून एक ढोर पुढे गेलं. लाखी पळसाखाली जाऊन थांबली, मागे वळली आणि मिठासाठी जीभ बाहेर काढून उभी राहिली.

आधी बापूजी हसले. मग सगळं गाव हसायला लागलं. वाजंत्रीवाल्याला वाजवता येईना. चंद्रभानला ठसका लागला.

"लयच पक्कं शिकवलं जी, नानाजी!"

नानाजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हसण्यानंच आलं होतं असं ते नंतर कौशल्येला म्हणाले. बायकांच्या घोळक्यातून गोपिकाबाई पुढे आल्या.

"आता पुन्हा शिकवा," त्या म्हणाल्या.

तेव्हा दुसऱ्या दिवसापासून नानाजी पुन्हा मीठ बांधून फाटकाशी हजर. आता चिंच आली की ते लाखीच्या उजव्या अंगाला जात आणि मीठ कुरणात आतल्या बाजूला ठेवत. कुरणाचेही त्यांनी तीन भाग पाडून घेतले होते. एका वेळी एकाच भागात ढोरं, बाकीचं बंद. याला मात्र सभेत कोणी विरोध केला नाही. लाखी कुरकुरत, थांबत, पळसाकडे पाहत आत जाऊ लागली.

पुढच्या बाजाराला नानाजी पारशिवनीला गेले. दिवस तिकडेच गेला. संध्याकाळी परतताना आखरावर नत्थूजी भेटला.

"आता तुमाले याचं काम नाई जी," तो खुशीत म्हणाला. "लाखी आज आपल्या मनानं आत वळली. मी बोटबी लावलं नाई."

"अस्सं?"

"होय त. आताच दारी सोडून आलो तिले. गोपिकाबाईले बी सांगितलं."

नानाजी घरी आले. जेवले. कौशल्येनं बाजाराचं सामान पाहिलं आणि खडेमिठाची मोठी पुडी दिसली तेव्हा एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग ती पुडी तिनं मडक्यात रिकामी केली.

सकाळी थंडी होती. नानाजी अंथरुणातून उठले, तोंड धुतलं आणि सोग्यात मीठ बांधलं. कौशल्या शेण गोळा करत होती. ते रस्त्यानं वळसा घालून गेले. फाटक उघडंच होतं.

गोपिकाबाई ओसरीवर बसल्या होत्या. दूध काढून झालं होतं.

"शिकली का जी, लाखी?" त्यांनी विचारलं.

नानाजींनी लाखीकडे पाहिलं.

"नाई अजून."

"जुनी सवय हाय," गोपिकाबाई म्हणाल्या. "दिवस लागनारच."

त्या उठल्या आणि घरात गेल्या. आतून कपबशीचा आवाज आला. मग त्यांचाही आला:

"चहा आत ठेवला हाय."

नानाजी दाराशी आले. उंबऱ्याशी वाकून त्यांनी वहाणा काढल्या, एकीला दुसरी नीट लावून ठेवली. गोठ्यात लाखीचं दावं आधीच सोडलेलं होतं. ती जरा वेळ वाट पाहत थांबली, मग अंगण ओलांडून फाटकाबाहेर पडली आणि एकटीच आखराच्या रस्त्याला लागली. घरातून तिला कोणी हाक मारली नाही.